चार पायांचं बाकडं आणि पाच सरकारं

बाकडं दोन संध्याकाळींत तयार झालं होतं, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. म्हणजे पुढच्या चार महिन्यांचं खापर कुणी सुताराच्या डोक्यावर फोडणार नाही. सुतार म्हणजे मागलोनचा नवरा गाएल. त्याने उरलेल्या ओकच्या फळ्या घेतल्या, रंधा मारला, चार पाय ठोकले, पाठीला जरा कलती फळी दिली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ते घराच्या बोळकांडीत आणून ठेवलं. "रविवारी नेऊन ठेवू जागेवर," म्हणाला. कुठल्या महिन्यातल्या रविवारी, ते बोलला नाही. एका परीने बरंच झालं.

बाकडं हवं होतं मोस्ये काब्रोलना. वय शहाऐंशी. साठ वर्षं माणसाने लोकांच्या घरांवर कौलं चढवली, आणि आता स्वतःच्या दोन पायऱ्या चढताना देवाचं नाव घेतो, तेही देव मानत नसताना. त्यांच्या दारापासून बेकरीपर्यंत दक्षिण फ्रान्समधल्या रोकसाक गावची एकच एक चढाची गल्ली, आणि तिच्या बरोबर मध्यावर त्यांचा डावा गुडघा संपावर जातो. तिथे पूर्वी दगडी बाक होता. गेल्या हंगामात द्राक्षांची ट्रॉली मागे घेताना कुणीतरी त्याचे तीन तुकडे केले. तेव्हापासून मोस्ये काब्रोल मध्यावर भिंतीला टेकून उभे राहायचे आणि कुणी पाहिलंच तर म्हणायचे, "भिंत तपासतोय. कललीये जराशी."

ती भिंत मागलोनच्या स्वयंपाकघराची. खिडकी उघडली की समोर मिशा. पाच महिन्यांची फ्लावी पोटदुखीने कितीही किंचाळत असो, त्या पांढऱ्या मिशा दिसल्या की तोंड उघडं ठेवूनच गप्प व्हायची. सकाळची ती दहा मिनिटं मागलोनच्या दिवसातली एकमेव दहा मिनिटं, जेव्हा तिला दोन्ही हातांनी कॉफी पिता यायची. तेव्हा या बाकड्यात तिचा स्वार्थ नव्हता असं म्हणता येणार नाही.

मे महिन्यात मोस्ये काब्रोल खिडकीपाशी आले ते मिशा पाडूनच.

"जोझियान आली होती," ते म्हणाले. जोझियान म्हणजे तुलूझला राहणारी त्यांची मुलगी. "मला भिंत तपासताना पाहिलंन."

"मग?"

"मग काय. निकाल लागला. ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी येणार. तिच्यासमोर मी माझ्या पायांनी जाऊन माझा पाव आणला, तर राहायचं इथे. नाही आणला, तर तिच्या घराजवळ वृद्धाश्रम आहे, तिथली खोली बघून ठेवलीये. म्हणाली, ज्याला स्वतःचा पाव आणता येत नाही त्याने एकटं राहायचं नसतं, पपा." त्यांनी नाक ओढलं. "खोलीत गालिचा आहे म्हणे. मला काय करायचाय गालिचा?"

त्या संध्याकाळी गाएलने रंधा काढला.

आता खरं तर रविवारी दोघांनी बाकडं उचलून वीस पावलांवर ठेवलं असतं, तर गोष्ट इथेच संपली असती. पण समोरच्या घरात मादाम देलमास राहतात. बत्तीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी खिडकीतून बाकडं पाहिलं आणि चष्मा वर केला.

"परवानगी घेतलीस?"

"बाकड्याला कसली परवानगी, मादाम देलमास?"

"मागलोन," त्या हळुवारपणे म्हणाल्या, तिसरीतल्या मुलीला म्हणावं तसं, "आपण प्रजासत्ताकात राहतो. लेखी विचार. रजिस्टर पत्राने, पोचपावतीसकट."

मागलोनने लेखी विचारलं. माणसाच्या आयुष्यात चुका होतात. बाळंतपणानंतर सहा महिन्यांच्या आत जरा जास्तच होतात.

गावकचेरी मंगळवारी आणि गुरुवारी नऊ ते बारा उघडी असते. फ्लावी मंगळवारी आणि गुरुवारी, आणि खरं तर इतर दिवशीही, नऊ ते बारा झोपते. हे दोन कारभार एकमेकांशी सल्लामसलत न करता ठरले होते. म्हणून मागलोन झोपलेलं पोर पोटाशी बांधून गेली आणि सगळं बोलणं कुजबुजत करावं लागलं. त्यामुळे साध्या अर्जाला उगाच कटाचं रूप आलं.

कचेरीत सचिव ल्युसेत बाई होत्या. त्या विचारू लागल्या तेही कुजबुजत.

"बाकड्याला पाय किती?"

"चार."

"अरेरे," ल्युसेत बाई म्हणाल्या आणि त्यांनी चौकटींचा कागद काढला.

मध्यावरची ती जागा साधी नव्हती. गल्ली म्हटली तरी ती मुळात जिल्ह्याचा रस्ता. म्हणजे कडेला येणारा पहिला पाय जिल्ह्याच्या जमिनीवर. दुसरा पाय पदपथावर, तो गावाचा. तिसरा पाय कचऱ्याच्या मोठ्या डब्यांसाठी आखलेल्या चौकोनात, आणि कचरा तर तेवीस गावांनी मिळून काढलेल्या संघाकडे. चौथा पाय शाळेच्या बसथांब्याच्या पिवळ्या पट्ट्यात, बस प्रांताची.

"निदान वर तरी मोकळं आहे ना?" मागलोनने विचारलं.

ल्युसेत बाईंनी खिडकीतून बोट केलं. चर्चचा मनोरा दिसत होता. बाराव्या शतकातला, संरक्षित. त्याच्या नजरेच्या टप्प्यात काहीही नवं ठेवायचं तर पॅरिसच्या सरकारने नेमलेल्या वास्तुतज्ज्ञाचा होकार लागतो.

"म्हणजे पाय चार आणि सरकारं पाच," मागलोन म्हणाली.

"बसणारा एकच ना?" ल्युसेत बाईंनी धीर दिला. "एक असला की सोपं जातं."

मेयरसाहेब आतल्या खोलीतच होते. एव्हारिस्त सिकार. द्राक्षांचे मळे सांभाळून दोनशे बारा माणसांच्या गावाचं मेयरपण करणारा जाडजूड, भला माणूस. त्यांनी अर्ज वाचला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काब्रोलने माझ्या आजोबांच्या घराची कौलं बसवली. मेयर म्हणून माझा तुला मनापासून होकार आहे. हा शिक्का."

"थँक्यू, मेयरसाहेब! मग झालंच की."

"थांब. मी जिल्हा परिषदेचाही सदस्य आहे." त्यांनी दुसरा खण उघडला आणि आवाजही जरा बदलला. "जिल्ह्याचा माणूस म्हणून मला विचार करावा लागेल. रस्त्याच्या कडेला आज बाकडं, उद्या कुणी पलंग टाकेल."

"पण तुम्ही आत्ता हो म्हणालात!"

"तो मेयर म्हणाला. शिवाय तेवीस गावांच्या संघाचा मी उपाध्यक्ष. तिथे कचऱ्याचं खातं माझ्याकडेच. डब्यांच्या चौकोनात बाकडं आलं तर गाडी वळणार कशी? संघाच्या वतीने मला कडाडून विरोध करावा लागेल, मागलोन. मनाला लावून घेऊ नकोस."

"आणि मी तुम्हाला समजवायला आले तर?"

"कुठल्या मला?" त्यांनी अगदी प्रामाणिकपणे विचारलं. "संघाच्या मला भेटायचं तर बुधवारी ये, खालच्या गावात. जिल्ह्याचा मी शुक्रवारी असतो. इथे मी फक्त मेयर. म्हणजे तसा इथे मी पॅरिसच्या सरकारचाही प्रतिनिधी आहे, जन्ममृत्यूच्या नोंदीपुरता. पण त्या नात्याने या विषयावर मला मत नाही."

मागलोन घरी आली तेव्हा तिचा स्वाभिमान दुखावलेला होता आणि बोळकांडीत बाकड्याच्या कोपऱ्याला धडकून नडगीही. एका माणसाने एकाच खुर्चीत बसून आपल्याला एकदा हो आणि दोनदा नाही म्हणावं, आणि चौथ्यांदा मत नाही म्हणावं, असा अपमान तिचा लग्नातसुद्धा झाला नव्हता.

पाच जूनला पाच पत्रं गेली. पाच पोचपावत्या आल्या. आणि मग काहीच आलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात तिने स्मरणपत्र लिहायला घेतलं, तोच मादाम देलमास रस्ता ओलांडून जवळजवळ धावतच आल्या.

"लिहू नकोस! कायदा आहे. अर्ज केल्यापासून दोन महिने सरकार गप्प राहिलं तर त्याचा अर्थ होकार! आता फक्त कुणी उत्तर देता कामा नये."

रोकसाकमध्ये गुपित पाळलं जाणं अवघड. पण सगळ्या गावाने मिळून एकच गुपित पाळायचं ठरवलं की मात्र मजा येते. गावाने बाकडं हा शब्दच टाकला. बेकरीत लोक "ते लाकडी" म्हणू लागले. मेयरसाहेबांना जिल्हा परिषदेच्या बैठकीला निघताना गल्लीतून तीन जणांनी बजावलं, "तोंड उघडायचं नाही." ते म्हणाले, "अहो, मी तिथे विरोध करणार आहे!" "विरोधही करायचा नाही! विरोध केलात की त्यांना कळेल." बिचारे तीन तास हाताची घडी घालून बसून आले. परिषदेत त्यांच्या संयमाचं कौतुक झालं म्हणे.

मोस्ये काब्रोल रोज सकाळी खिडकीपाशी येऊन विचारायचे, "आलं काही?"

"काही नाही!"

"छान," म्हणायचे आणि भिंत तपासायचे. पण आताशा भिंत जास्त वेळ तपासावी लागत होती.

चौदा जुलैला तर कडेलोटच व्हायचा. राष्ट्रीय दिवसाला पॅरिसने जिल्ह्यावर नेमलेल्या प्रिफेक्टच्या हाताखालच्या बाई पाहुण्या म्हणून आल्या. म्हणजे साक्षात सरकारच, उंच टाचांच्या चपला घालून. स्मारकावर फुलं वाहिली, राष्ट्रगीत झालं, मेयरसाहेबांनी तिरंगी पट्टा लावून भाषण केलं, आणि मग सगळे चढावरून वाइन प्यायला निघाले. मध्यावर, बरोबर त्या जागी, बाई थांबल्या. रुमालाने मान पुसली.

"इथे कुठे टेकायला नाही का हो?"

गाव थिजलं. बँडवाल्याने तोंडातली तुतारीही काढली नाही. मेयरसाहेबांनी आभाळाकडे पाहिलं. मागलोनने फ्लावीच्या तोंडात चोखणी घातली. न जाणो, पोरगी बोलून जायची.

शेवटी मोस्ये काब्रोल पुढे झाले. गुडघा थरथरत होता, पँटच्या कापडातूनसुद्धा दिसत होता.

"नाही मादाम," ते म्हणाले. "आम्हा रोकसाकवाल्यांना उभं राहायला आवडतं."

"अच्छा!" बाई म्हणाल्या. आणि गावाचा मान राखण्यासाठी त्याही बारा मिनिटं उभ्या राहिल्या.

पाच ऑगस्ट उजाडला, मावळला, आणि उत्तर आलं नाही. सहा तारखेला गावकचेरीत मस्कात वाइनच्या बाटल्या उघडल्या. मादाम देलमासनी पहिला पेला उचलून प्रजासत्ताकाला शुभेच्छा दिल्या. गाएल बाकडं उचलायला भावाला घेऊनच आला होता. तेवढ्यात ल्युसेत बाई, ज्यांना कुठलीही फाइल नीट बंद केल्याशिवाय वाइन जात नाही, कागदांची जाडजूड चळत घेऊन बसल्या होत्या, त्या हळूच म्हणाल्या, "अगंबाई."

सगळ्यांनी पेले खाली ठेवले.

"गप्प राहिलं तर होकार, हे बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण अपवाद आहेत. ही त्यांची यादी. रस्त्याची सरकारी जागा वापरायची असेल तर... तर गप्प राहिलं म्हणजे नकार."

"म्हणजे?"

"म्हणजे दोन महिने सगळ्यांनी मिळून तुला नाही म्हटलंय, मागलोन. अगदी एकमताने."

मादाम देलमास खुर्चीत बसल्या. बत्तीस वर्षं शिकवलेल्या मुलांचे चेहरे त्यांच्या डोळ्यांपुढून जात असावेत.

"अपील करता येतं," मेयरसाहेब घाईघाईने म्हणाले. "माझ्याकडे कर, मी ते..."

"कुठल्या तुमच्याकडे?" मागलोन इतक्या जोरात ओरडली की फ्लावी जागी झाली, आणि मग जो आवाज झाला त्याला पाचांपैकी एकाही सरकारची परवानगी नव्हती.

तिने अपील केलं नाही. गुरुवारी सकाळी अकरा वाजता तिने आणि गाएलने बाकडं सरळ उचललं आणि मध्यावर नेऊन ठेवलं. दहा मिनिटांत मेयरसाहेब आले. कामाच्या कपड्यांवर, चिखलाच्या बुटांवर, तिरंगी पट्टा लावून. चेहरा पडलेला.

"गावाचा पोलीसही मीच आहे, पोरी," ते म्हणाले. "हे मला उचलायला लावावं लागतंय. गाएल, तू ते टोक धर, मी हे धरतो. तुझी कंबर सांभाळ."

आणि प्रजासत्ताकाने एक बाजू उचलून बाकडं पुन्हा बोळकांडीत नेऊन ठेवलं. नडगीला लागलं तेव्हा प्रजासत्ताकाने शिवीही दिली.

मागलोनला रडू येत होतं, फ्लावीला भूक लागली होती, घरात उकडत होतं. ती स्वयंपाकघरातली वेताची खुर्ची घेऊन बाहेर आली, दारासमोर आपटली आणि पोरीला पदराखाली घ्यावं तसं ओढणीखाली घेऊन बसली. मेयरसाहेब घाम पुसत बाहेर आले नि थबकले.

"ही... खुर्ची?"

"बसलेय. हवा खातेय. माझी आजी रोज संध्याकाळी हिच्यावरच बसायची, दाराबाहेर. तुमची आजी नव्हती बसत?"

"बसायची," मेयर म्हणाले. "पण आत्ता सकाळचे अकरा वाजलेत."

"हवा संध्याकाळीच खायची असं कुठल्या सरकारने सांगितलंय? गावाच्या, संघाच्या, जिल्ह्याच्या, प्रांताच्या का पॅरिसच्या?"

मेयरसाहेब विचारात पडले. एकेक भूमिका त्यांच्या चेहऱ्यावरून जाताना दिसत होती. जिल्हा आला, गेला. संघ आला, जरा रेंगाळला, गेला. शेवटी नुसताच एव्हारिस्त सिकार उरला.

"उन्हाळ्यात दाराबाहेर खुर्ची काढायला," तो सावकाश म्हणाला, "आजवर कुणी कुणाला विचारलेलं नाही." आणि पट्टा काढून खिशात कोंबला.

तेवढ्यात खालून मोस्ये काब्रोल आले. मागलोन उठली, पोरीला खांद्यावर टाकलं. "बसा."

ते बसले. फ्लावीला मिशा दिसल्या. सगळं शांत.

समोरच्या खिडकीतून मादाम देलमासनी हे पाहिलं आणि त्यांना कळलं ते इतकंच, की काब्रोल मागलोनच्या खुर्चीत बसतात, आमच्या नाही. दुपारी त्यांच्या दारात हिरव्या मखमलीची आरामखुर्ची आली. शुक्रवारी ल्युसेत बाईंनी बागेतली लोखंडी खुर्ची काढली. शनिवारी बेकरीवालीने. मग काय, ज्याच्या दारात खुर्ची नाही तो माणसात नाही, अशी वेळ आली. कुणी उशी वाढवली, कुणी छत्री बांधली, एकाने तर पाय ठेवायला वेगळं स्टूल मांडलं, ते लोकांना जरा अतीच वाटलं. पंधरा दिवसांत चढावर एकोणीस खुर्च्या झाल्या. आणि एकीत बसून दुसरी टाळली तर त्या घरचे तोंड फुगवायचे, म्हणून मोस्ये काब्रोलना एकोणीसही ठिकाणी टेकणं भाग पडू लागलं.

ऑगस्टचा शेवटचा शनिवार. जोझियान आली ती मनगटावर घड्याळ आणि पायांत टाचांच्या सँडल घालून. "चला पपा. साडेबाराला बेकरी बंद होते. आता साडेदहा झालेत." दोन तास म्हणजे तिच्या दृष्टीने दयाच होती.

पहिल्या दारात मोस्ये काब्रोल बसले. घरवालीने जोझियानच्या गालांचे तीन मुके घेतले, कारण इथे तीन घेतात, आणि विचारलं, "नवरा काय म्हणतोय?" दुसऱ्या दारात तीन मुके, खरबुजाची फोड, "मुलगी कितवीला?" तिसऱ्या दारात तीन मुके आणि घरमालकाच्या गुडघ्याचा एक्सरे. चौथ्या दारी मस्कात. नाही म्हणता येत नाही. पाचव्या दारी चौथ्याकडे घेतलंत मग आमच्याकडे का नाही. वडील प्रत्येक दारी बसत होते, जोझियान प्रत्येक दारी उभी होती. सहाव्या दारापाशी तिच्या टाचेला फोड आला. नवव्यापाशी तिने नवऱ्याबद्दल जरा जास्तच खरं उत्तर दिलं. अकराव्या दारात ती स्वतःच खुर्चीत बसली आणि मोस्ये काब्रोल काठीवर रेलून उभे राहिले.

"चल ना जोझियान," ते म्हणाले. "दमलीस का? तपासायला भिंत देऊ एखादी?"

मागलोन फ्लावीला कडेवर घेऊन मागून चालत होती आणि चर्चच्या घड्याळाकडे बघत होती. बारा. सव्वाबारा. मादाम देलमासच्या मखमलीतून तर मोस्ये काब्रोलना उठताच येईना. दोघांनी ओढून काढलं. ते बेकरीपाशी पोचले तेव्हा साडेबारा वाजून पाच मिनिटं झाली होती आणि शटर खाली होतं. चार वाजेपर्यंत बंद, अशी पाटी.

जोझियानने पाटी वाचली, घड्याळ पाहिलं, आणि तिचा चेहरा बघवेना. तिलाही हे असं नको होतं, हे तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

मोस्ये काब्रोलनी शटरकडे पाहिलं, मग शेजारी मांडलेल्या बेकरीवालीच्या खुर्चीकडे. तिच्यात बसले, काठी गुडघ्यांमध्ये उभी केली.

"थांबतो मी," ते म्हणाले.

"चार वाजेपर्यंत, पपा?"

"मला काही घाई नाही. तुला लांब जायचंय. नीघ तू."

पाच मिनिटं गेली. ते शेजारच्याशी हवेवर बोलू लागले. आतून बेकरीवालीचा आवाज आला, "जेवू देणार नाही हा म्हातारा मला!" शटर वीतभर वर झालं आणि फटीतून एक लांबलचक पाव बाहेर आला. मोस्ये काब्रोल वाकले, स्वतःच वाकले, आणि तो घेतला. टोक मोडून तोंडात टाकलं. दुसरं टोक मुलीला दिलं.

जोझियान सँडल हातात घेऊन, अनवाणी, पाव चावत मागलोनपाशी आली.

"तिकडे ठेवलं तर दिवसभर खुर्चीतच बसवून ठेवतील त्यांना," ती म्हणाली.

"इथेही तेच करतो आम्ही."

"हो," जोझियानने नाक ओढलं, अगदी बापासारखं. "पण इथल्या खुर्च्या चढावर आहेत."

गालिचावाली खोली सोमवारी दुसऱ्या कुणाला तरी मिळाली.

सप्टेंबरात, फ्लावी बोळकांडीतलं बाकडं धरून पहिल्यांदा उभी राहिली त्याच आठवड्यात, जिल्ह्याचं पत्र आलं. लेखी, रजिस्टर, पोचपावतीसकट. मागलोनने ते खिडकीत उभं राहून मोठ्याने वाचलं. बाहेर मोस्ये काब्रोल वेताच्या खुर्चीत बसले होते. आमच्या अधिकाऱ्याने ऑगस्टच्या अखेरीस प्रत्यक्ष पाहणी केली, असं त्यात होतं. सदर मार्गावर बसण्याच्या एकोणीस सोयी उपलब्ध असून त्यांपैकी एक मखमली आहे. सबब बाकड्याची गरज सिद्ध होत नाही. अर्ज नामंजूर.

"कोण अधिकारी?" मोस्ये काब्रोलनी विचारलं. "तो मोजायची टेप घेऊन आलेला? देलमासकडे तासभर घोरत होता तो?"

"तोच असणार."

त्यांनी बोटांवर मोजायला घेतलं.

"मखमल मऊ आहे, पण त्यातून उठवत नाही. ल्युसेतची लोखंडी उन्हात तापते. आणि खालून तिसऱ्या घरच्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे, मी कौलांवरून कधी पडलो नाही, तिच्यावरून पडेन. याची तक्रार कुणाकडे करायची?"

मागलोनने पत्राची घडी केली, फ्लावीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

"माझ्याकडे," ती म्हणाली.

"मग लिहून घे," मोस्ये काब्रोल म्हणाले आणि पाय पसरून नीट सांगायला बसले.